खोली नंबर सातमधलं एकमत

आमचं खगोलशास्त्र दुपारची जेवणं आटोपली की सुरू व्हायचं. आधी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा, कारण ऊन मोबाइलच्या काचेवर पडलं की आकाश दिसत नाही. असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तुळजापुरात रात्री तारे बघायला गच्चीवर जावं, तर तिथं भाविकांचे टॉवेल वाळत असतात आणि देवळाच्या, दुकानांच्या दिव्यांनी अर्ध्या चांदण्या गिळलेल्या असतात. शिवाय रात्री मी दमलेली असते. दुपारीही असते, पण दुपारचं दमणं बसून करता येतं.

आमचा लॉज म्हणजे देवळामागच्या उतारावर एकाला एक चिकटलेल्या खोल्या. त्यातली सात नंबरची गिऱ्हाइकाला द्यायची नाही असं ठरलेलं, कारण तिथला नळ गळतो. वायफायचा डबा मात्र नेमका तिच्याच दाराबाहेर. म्हणून आमची वेधशाळा तिथं.

हे सगळं लावून दिलं राजनंदिनीनं. ती पुण्यात ताऱ्यांवर संशोधन करते. आईवडिलांना घेऊन कुलदेवीच्या दर्शनाला आली आणि आमच्याकडं उतरली. मी चादरी द्यायला गेले तर मोबाइलवर करडे करडे डाग बघत बसलेली.

"कुणाचा एक्सरे आहे का गं?" मी काळजीनं विचारलं.

"नाही काकू, दीर्घिका आहेत. आपली आकाशगंगा आहे ना, तसल्याच, पण खूप लांबच्या."

मग तिनं सांगितलं. आताच्या दुर्बिणी इतके फोटो काढतात, की सगळे शास्त्रज्ञ जन्मभर बसले तरी बघून होणार नाहीत. म्हणून ते फोटो वेबसाइटवर टाकतात. जगातला कुणीही माणूस घरी बसून बघतो आणि सांगतो, ही दीर्घिका नुसती गोल, गुळगुळीत आहे, की तिच्यातून भोवऱ्यासारखे हात निघालेत, की दोन एकमेकींत अडकल्यात. 'दीर्घिका-वाचन' नावाचा त्यांचा उपक्रम मराठीत यायचा होता. तिनं मला मराठी मजकूर वाचायला दिला. त्यात पहिलाच प्रश्न होता, 'सर्पिल बाहू स्पष्टतेने अवलोकनीय आहेत काय?'

मी म्हटलं, "हे कुणाला विचारताय? मेलेल्या माणसाला?"

तिथं आता 'हात दिसतात का?' असं लिहिलेलं आहे. ते माझं. मी दहावी. माझं इंग्रजी बुकिंगच्या साइटवर गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देता देता आलेलं. 'गीझर उद्या नक्की दुरुस्त होईल' हे माझं पहिलं शुद्ध वाक्य. पण तो एक प्रश्न आज महाराष्ट्रात जो कुणी दीर्घिका बघतो तो माझ्या शब्दांत वाचतो, हे मी कुणाला सांगत नाही. आत्ता सांगितलं तेवढंच.

हळूहळू आम्ही चौघी झालो. एक महादेवी. तिचं देवळाच्या वाटेवर परड्यांचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान. दुसरी वर्षाराणी, समोरच्या झेरॉक्सवाल्यांची सून. बीएस्सीचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. आणि पार्वतम्मा. त्या मूळच्या कर्नाटकातल्या, आळंदच्या बाजूच्या. लग्न होऊन इथं आल्या आणि गेली कित्येक वर्षं भाविकांना पुरणाचा नैवेद्य करून देतात. आमच्या गल्लीत त्यांना सगळे अम्मा म्हणतात. डाळ शिजली का, बाळंतिणीला ताप का आला, आलेलं स्थळ बरं आहे का, हे शेवटी अम्मांना विचारायचं. अम्मा बोलल्या की विषय संपला. तो नुसता आदर नसतो, सोयही असते. दिवसभर राबलेल्या बायकांना निदान एक गोष्ट दुसऱ्या कुणीतरी ठरवून दिलेली हवी असते.

राजनंदिनीनं बजावलं होतं, प्रत्येकीचं खातं वेगळं हवं. ते आम्ही पाळलं. चार खाती, चार मोबाइल. नवीन संच आला की सगळ्यांना तीच चित्रं त्याच क्रमानं यायची, म्हणून एकत्र बघणं सोपं जायचं. चित्र उघडलं की महादेवीला त्यात तिच्याच दुकानातला माल दिसायचा. "ही बघा कवडी. उलटी ठेवलीय." वर्षाराणी बोटांनी चित्र मोठं करायची, खूप वेळ बघायची आणि काही बोलायची नाही. मी 'हात आहेत वाटतं' असं अर्धवट पुटपुटायची. मग अम्मा मोबाइल हातभर लांब धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "मला तर गोलच दिसतंय, बाई."

चार बोटं 'गोल'वर पडायची. पुढचं चित्र.

आमच्या गल्लीत ओट्यावरून भांडणं आहेत, नालीवरून आहेत, पाहुणा आधी कुणाच्या दारात थांबला यावरून तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. सात नंबरच्या खोलीत मात्र कधी वाकडा शब्द आला नाही. दोन वर्षं. हजारो दीर्घिका आम्ही अशा एका मतानं बघितल्या. प्रत्येकीच्या पानावर तिचा आकडा वाढत जायचा आणि महादेवी तो स्टेटसला ठेवायची.

यंदा नवरात्राच्या तोंडावर राजनंदिनीचा फोन आला. पुण्यात दोन दिवसांचा मेळावा होता. शास्त्रज्ञ, संगणकवाले आणि आमच्यासारखे घरून बघणारे, सगळ्यांचा. ज्यांना जमत नाही त्यांनी व्हिडिओवरून यायचं. "आणि काकू, तुम्ही तुमच्या गटाबद्दल बोलायचं. मिळून कसं काम करता ते."

आमच्या ह्यांनी ऐकलं आणि विचारलं, "प्रमुख पाहुणे कोण?"

"पाहुणे नसतात म्हणे. भाषणंही नसतात. सकाळी प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून भिंतीला लावायचं, मला आज हे करून बघायचंय. ज्याला पटेल तो त्याच्याजवळ जाऊन बसतो. संध्याकाळपर्यंत काहीतरी तयार करून दाखवायचं."

"सत्कार?"

"नाही."

"शाल बी न्हाई? मग मेळावा कशाला म्हणायचं त्याला!" एवढं बोलून हे पेपरात गेले.

मेळावा आला तोही नेमका दसरा आणि कोजागरीच्या मधे. नवरात्रात लॉज भरून वाहतो. माझे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. सीमोल्लंघन झालं की आमची देवी पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजते. तिच्या त्या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. दमलेल्या बाईला कुणी उठवायचं नाही असा नियम असलेलं एवढं एकच घर मला माहीत आहे. आम्हाला मात्र पौर्णिमेला पायी येणाऱ्यांसाठी गाद्या उन्हात टाकायच्या होत्या. त्या टाकल्या आणि वर्षाराणीच्या दुकानातला लॅपटॉप आणून सात नंबरमध्ये बसलो. अम्मा इरकल नेसून आल्या होत्या. महादेवीनं पावडर लावली होती.

पडद्यावर पुण्याचा हॉल दिसत होता. पोरंपोरी जमिनीवर बसलेली, वायरींचा गुंता, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. कुणी कुणाला सर म्हणत नव्हतं. जेवणानंतर एकेक गट आपापलं काम दाखवायला लागला. त्यात रणधीर नावाचा एक उंच, किडकिडीत मुलगा उठला. मराठीत सुरू करायचा, इंग्रजीत शिरायचा, परत मराठीत यायचा.

"आपण लोकांच्या उत्तरांवरून यंत्राला शिकवतोय, बरोबर? म्हणजे पुढं सोप्या दीर्घिका यंत्रच ओळखेल. तर हे यंत्र पुसट हातांच्या दीर्घिकांना सरसकट गोल म्हणायला लागलंय. सकाळपासून आम्ही तिघं शोधत होतो की हे कुठून शिकलं. आणि सापडलं."

त्यानं एक आलेख दाखवला. चार रंगांच्या चार रेघा, एकीवर एक बसलेल्या, जणू एकच.

"चार खाती आहेत. नावं मुद्दाम झाकलीत. उत्तरं जवळपास शंभर टक्के सारखी. वेळ सारखी, फक्त दुपारी. मधेच काही दिवस चारही एकदम बंद पडतात, मग एकदम सुरू. हे माणसाचं काम नाही. कुणीतरी प्रोग्रॅम लिहून सोडलाय. तोही आळशी आहे, बहुतेक वेळा गोल म्हणतो आणि सुटतो."

हॉल हसला. महादेवीही हसली, सगळे हसतायत म्हणून.

मी त्या आलेखातल्या रिकाम्या जागा बघत होते. एक ऑक्टोबरातली. एक पौषात, शाकंभरीच्या नवरात्राची. एक चैत्री पौर्णिमेची. त्या दिवसांत आमच्याकडं एकही खोली रिकामी नसते आणि मला बसायला मिळत नाही. शास्त्रज्ञांना तिथं यंत्र बंद पडलेलं दिसत होतं. मला तिथं चादरींचे ढीग दिसले.

"काय म्हणतंय गं ते पोरगं?" महादेवीनं विचारलं.

"यंत्रात काहीतरी बिघाड झालाय म्हणतो."

"मग करा म्हणावं दुरुस्त. एवढी शिकलेली हायती."

"तर ही चार खाती काढून टाकू," रणधीर म्हणत होता, "सुरुवातीपासूनची सगळी उत्तरं. आमच्या गटाचा एवढाच प्रस्ताव आहे."

दोन-चार जणांनी हात वर केले. राजनंदिनी म्हणाली, "चहा घेऊन ठरवू. त्यानंतर तुळजापूरच्या सरोजिनीकाकू आपल्याला त्यांच्या गटाविषयी सांगणार आहेत." तिला काही कळलेलं नव्हतं. ती माझ्याकडं बघून हसली.

इकडं वर्षाराणीनं आमचाही चहा आणला. मी कप हातात धरून बसले. गप्प राहिले असते तर काहीच बिघडणार नव्हतं. खाती तिकडं बाजूला काढली गेली असती, आमच्या पानांवरचे आकडे वाढतच राहिले असते, महादेवीनं ते स्टेटसला ठेवले असते आणि आम्ही म्हाताऱ्या होईपर्यंत पडदा ओढून दुपारी गोल गोल दाबत बसलो असतो. कुणाला काही त्रास नाही. फक्त ते सगळं कशातच धरलं गेलं नसतं, आणि ते मला एकटीला माहीत असतं. दमलेल्या माणसाला गप्प बसणं फार जवळचं वाटतं. बोलायचं म्हटलं की समजावणं आलं, रडणं आलं, परत पहिल्यापासून आलं.

"काकू, तुमची पाळी," राजनंदिनी म्हणाली.

मी चार दिवस पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं. "नमस्कार," म्हटलं. "ते जे प्रोग्रॅम आहेत ना चार, आत्ता दाखवले ते, ते आम्ही. ही महादेवी, ही वर्षाराणी, ह्या पार्वतम्मा आणि मी. मधे बंद पडतो ते देवीच्या गर्दीत. उत्तरं सारखी येतात कारण आम्ही एकमेकींच्या विचारानं ठरवतो आणि अम्मा सांगतील ते दाबतो."

रणधीर कॅमेऱ्याजवळ आला. त्याचे कान लाल झाले होते. "सॉरी काकू. मी आळशी वगैरे म्हणालो…"

"त्याचं काही नाही रे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हटलं. बरं वाटलं."

हसले सगळे, पण जपून.

"पण आमचं चुकलं कुठं?" महादेवीनं मला ढकलून तोंड पुढं केलं. "येकीच्या जागी चौघींनी बघितलं. चांगलंच की!"

राजनंदिनी जमिनीवर मांडी घालून समोर बसली. तिला बोलणं जड जात होतं. "महादेवीताई, एक चित्र आम्ही बारा जणांना दाखवतो. समजा सात जण म्हणाले हात आहेत, पाच जण म्हणाले गोल. तर त्या न जुळण्यातूनच आम्हाला कळतं की हात किती पुसट आहेत. आम्हाला तुमची चार मतं हवी होती. तुम्ही आधीच एकमत केलंत की आम्हाला एकच डोळा मिळतो, आणि आम्ही तो चारदा मोजतो."

"म्हंजे भांडणं पायजे होती?" महादेवी म्हणाली. "आधी सांगायचं की! आमच्याकडं काय कमी हायती व्हय?"

या वेळी हॉल मोकळेपणी हसला. आम्ही नाही.

रणधीरनं एक चित्र पडद्यावर आणलं. "हे तुम्ही चौघींनी गोल म्हटलंय. खरंच चौघींनाही तसंच दिसलं होतं?"

आम्ही बघत बसलो. मग वर्षाराणी खाली मान घालून म्हणाली, "मला हात दिसले होते. दोन्ही."

"मला येक दिसला हुता," महादेवी म्हणाली. "डावीकडचा. पर अम्मा म्हणाल्या म्हणून…"

"मलाही," मी म्हटलं.

सगळ्या अम्मांकडं वळल्या. अम्मांनी चष्मा काढला, इरकलीच्या पदरानं पुसला, परत घातला.

"यव्वा," त्या हळूच म्हणाल्या. "मला त्येंचे हात कंदीच दिसले न्हाईत गं. पुरणाच्या वाफंनं काच धुरकटती ना, तसं दिसतंय. पुसलं तरी जात न्हाई. म्या काय म्हणायची? मला गोल दिसतंय. मला, म्हणायची की! वाटायचं, येखादी तरी म्हणंल, अम्मा, न्हाई, नीट बघा. दोन वर्सं झाली. येक बी बोलली न्हाई. मग म्या म्हटलं, समद्यास्नी गोलच दिसत असंल. माझे डोळे ठीक हायती."

वर्षाराणीला रडू आलं. "अम्मा, तुम्हाला कसं म्हणणार आम्ही?"

"तोंडानं," अम्मा म्हणाल्या.

तिकडं पुण्यात कुणीतरी माइक बंद केला होता. राजनंदिनीचे ओठ हलताना दिसत होते. ती रणधीरशी बोलत होती. मग आवाज आला. "काकू, काही उत्तरं वाचवता येतील का ते आम्ही बघतो. पण खरं सांगायचं तर…"

"काढून टाका," मी म्हटलं. ती पुढं काही बोलायच्या आत म्हटलं, नाहीतर मला जमलं नसतं. "सगळी काढा. वर्षाराणीचं मत त्यात नाही, माझं नाही. आणि यंत्राला अम्मांचा मोतीबिंदू शिकवून काय उपयोग?"

वाया गेलेल्या कामाची मला सवय आहे. सकाळी धुतलेली चादर संध्याकाळी मळते. पण त्या चादरीवर निदान कुणीतरी निजून गेलेलं असतं. लॅपटॉप मिटला तरी कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.

महादेवी दारात चपला घालता घालता म्हणाली, "सरोजिनीवहिनी, येकटीनंच बघत बसायचं आसंल तर माझ्या घरी भिंत हाय की." ती चिडली होती, आणि तिचं बरोबर होतं. ती दीर्घिकांसाठी येतच नव्हती.

पौर्णिमा आली. सोलापूरच्या बाजूनं रात्रंदिवस माणसांचे लोंढे आले. गाद्या, पाणी, हरवलेली पोरं, पायाला फोड आलेल्या बायका. तीन दिवस मी कुठल्याच कारणानं बसले नाही. गर्दी ओसरल्यावर वर्षाराणी अम्मांना घेऊन सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दिवाळीनंतर ऑपरेशन. अम्मांनी राजनंदिनीला फोन लावायला सांगितला आणि विचारलं, "तंवर म्या बसू नको व्हय?"

"बसा की," ती म्हणाली. "तुम्हाला दिसेल तेच दाबा. कुणाला किती बारीक दिसतं तेही आम्ही धरतो, त्याला तसं वजन देतो. फक्त ते तुमचं स्वतःचं असू द्या. ऑपरेशननंतर नवीन खातं काढू."

"म्हंजे म्या दोन बायका हुणार," अम्मा म्हणाल्या आणि खूश झाल्या.

नवीन संच आला त्या दुपारी मी आम्हा तिघींना तीन खोल्या वाटून दिल्या. वर्षाराणीला पाच, मला सहा, अम्मांना आठ. महादेवीही आली, मोबाइल न आणता. सात नंबरमध्ये गेली, पडदा ओढला आणि झोपली. ती आता रोज येऊन झोपते.

मी दार लोटून कॉटवर बसले. चित्र उघडलं. करड्या डागाच्या उजव्या अंगाला काहीतरी होतं. रेघ म्हणावी तर रेघ, नाहीतर काचेवरचा ओरखडा. मोठं करून बघितलं, लहान करून बघितलं. इतकी वर्षं लॉज चालवते; कुठल्या गिऱ्हाइकाला खोली नाकारायची हे मला उंबऱ्यात कळतं. आणि आता एवढ्याशा डागाशी मी एकटी अडून बसले होते. विचारायला कुणी नव्हतं. विचारायचं नाही हेच तर ठरलं होतं.

"सरोजिनी," आठ नंबरमधून हाक आली. मधे महादेवीची खोली असली तरी आमच्या भिंती म्हणजे नुसत्या नावाला. "तुला काय दिसतंय गं यात?"

तोंड उघडलंच होतं. अम्मांना उत्तर द्यायचं नाही, असं माझ्याकडून आजवर झालेलं नाही. मी ओठ मिटले.

"अगं सरोजिनी?"

मधल्या खोलीत महादेवी कूस बदलून कण्हली. पाच नंबरमध्ये वर्षाराणीचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मग पलीकडं चष्म्याची काडी खुट्ट वाजली, आणि अम्मा कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाल्या, "गोल."

मी इकडं 'हात'वर बोट ठेवलं.